रुग्णशय्येपाशीं संत फ्रान्सिस झेवियर

ज्युबिलीचें वर्ष हें देवाचे उपकार आठवण्याचें वर्ष होय. ज्या संतांच्या मध्यस्थीचा आपण आश्रय करतों, त्यांचीं चरित्रें अशा प्रसंगीं पुन्हां एकदां वाचावीं व त्यांपासून आपल्या नित्याच्या जीवनास उपयोगी असा कांहीं बोध घ्यावा, ही ख्रिस्तसभेची जुनी चाल आहे. तीस अनुसरून संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चरित्राचा एक भाग या स्मरणिकेच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

संत फ्रान्सिस यांचें नांव ठाऊक नाहीं असें कॅथलिक घर आपल्या देशांत विरळाच. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यांत त्यांच्या पवित्र अवशेषांचें दर्शन खुलें होतें, तेव्हां देशाच्या कानाकोपऱ्यांतून भाविक तेथें लोटले. परंतु त्यांचें स्मरण करतांना आपल्या डोळ्यांपुढें बहुधा उभे राहतात ते त्यांचे समुद्रप्रवास, त्यांनीं दिलेले असंख्य बाप्तिस्मे व जपानपर्यंत त्यांनीं नेलेली सुवार्ता. एक गोष्ट मात्र मागें राहून जाते. ती ही कीं, हे थोर प्रेषित जेथें जेथें गेले तेथें तेथें रोग्यांचे सेवक होऊन राहिले. ते वैद्य नव्हते. नाडी पाहणें अथवा औषध ठरविणें हें त्यांचें काम नव्हे. रोग्यास भरविणें, त्याचें अंग पुसणें, त्याचे कपडे धुणें, रात्रीं त्याच्या उशाशीं जागणें आणि त्याच्याशीं बोलणें, हें त्यांचें काम. आज ज्यांस आपण परिचारिका, कंपाउंडर, वॉर्डबॉय, आया किंवा रुग्णसहायक म्हणतों, त्यांचाच हा व्यवसाय. आपल्या समाजांतील पुष्कळ मुली व मुलगे आज याच सेवेंत आहेत. त्यांनीं, व घरच्या आजाऱ्याच्या उशाशीं बसणाऱ्या प्रत्येकानें, हें चरित्र या दृष्टीनें वाचावें, अशी इच्छा आहे.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजीं नाव्हार येथील झेवियर नांवाच्या गढींत झाला. नाव्हार हें त्या वेळीं स्वतंत्र राज्य होतें. आज तो स्पेन देशाचा भाग आहे. वडील राजाच्या दरबारीं मोठ्या हुद्द्यावर होते. त्या मुलुखांतली बास्क भाषा ही युरोपांतील इतर कोणत्याही भाषेशीं नातें न सांगणारी एक प्राचीन भाषा आहे. फ्रान्सिस यांची मातृभाषा हीच. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण या चरित्राच्या शेवटीं ती पुन्हां भेटणार आहे. फ्रान्सिस लहान असतांनाच राज्य गेलें, वडील वारले व गढीचे तट पाडले गेले. १५२५ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, ते पॅरिसच्या विद्यापीठांत गेले. तेथें पदवी मिळवून ते तत्त्वज्ञान शिकवूं लागले. बुद्धि तीव्र, वाणी ओघवती, मनांत मानमरातबाची हांव. अशा माणसास सभेपुढें बोलणें सोपें जातें. एकट्या दुखणाइताजवळ बसून त्याचें ऐकणें अवघड जातें.

त्याच विद्यापीठांत त्यांच्या खोलींत पिएर फाव्र हे सोबती होते, व पुढें इग्नेशियस लोयोला हे तेथें राहावयास आले. इग्नेशियस हे वयानें पुष्कळ वडील. पूर्वीं लढाईंत पाय मोडून ते कित्येक महिने अंथरुणास खिळले होते, आणि त्या अंथरुणावरच त्यांस देवाची हांक ऐकूं आली होती. त्यांच्या सहवासांत फ्रान्सिस यांच्या मनाचा ओढा हळूहळू पालटला. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनीं दारिद्र्याचें व ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें. येशूसंघाचें बीज तें हेंच.

१५३७ च्या जानेवारींत हे मित्र व्हेनिस नगरांत पोहोंचले. पवित्र भूमीकडे जाणारें जहाज मिळेपर्यंत रिकामें न बसतां ते तेथील रुग्णालयांत सेवेस राहिले. असाध्य रोग्यांचें जें रुग्णालय होतें, तें फ्रान्सिस यांच्या वांट्यास आलें. अंथरुणें घालावयाचीं, फरशी पुसावयाची, घाण काढावयाची, मेलेल्यांस पुरावयाचें, असें तें काम होतें. तेथें एका रोग्याची चिघळलेली जखम पाहून त्यांस इतकी किळस आली, कीं पाऊल पुढें पडेना. तेव्हां ती किळस कायमची मोडण्यासाठीं त्यांनीं त्या जखमेंतील पू स्वतःच्या तोंडास लावला, असें त्यांच्या आरंभीच्या चरित्रांत सांगितलेलें आहे.

या कृतीचें अनुकरण कोणी करूं नये. रोगजंतूंचें ज्ञान त्या काळीं नव्हतें, आज आहे. हात धुणें व हातमोजे घालणें हें आजच्या सेवकाचें कर्तव्यच होय. अनुकरण करावयाचें तें तिच्यामागच्या निश्चयाचें. रोगी आपले शब्द ऐकण्यापूर्वीं आपला चेहरा वाचतो. आपली नाकपुडी आक्रसली, आपलें पाऊल किंचित् मागें गेलें, कीं त्यास सारें कळून चुकतें. मग वर कितीही गोड बोललें तरी तें त्याच्या मनास पोहोंचत नाहीं. रोग्याशीं बोलण्याचा पहिला धडा फ्रान्सिस यांनीं असा गिरवला, आणि तोही तोंडानें एक शब्द न बोलतां.

२४ जून १५३७ रोजीं त्यांस धर्मगुरुदीक्षा मिळाली. पुढें पोर्तुगालच्या राजानें हिंदुस्थानासाठीं येशूसंघाकडे धर्मगुरु मागितले. जावयाचें होतें तें बोबादिया नांवाच्या दुसऱ्या सोबत्यानें. पण तो ऐन वेळीं आजारी पडला आणि त्याच्या जागीं फ्रान्सिस निघाले. हिंदुस्थानास हा संत लाभला, त्यासही एक दुखणेंच निमित्त झालें. ७ एप्रिल १५४१ रोजीं, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशीं, त्यांनीं लिस्बन बंदर सोडलें. ते पोपचे प्रतिनिधि होते, म्हणून दरबारच्या एका मोठ्या अधिकाऱ्यानें त्यांस प्रवासांत एक नोकर देऊं केला; प्रतिष्ठेसाठीं तो हवाच, असें त्याचें म्हणणें. फ्रान्सिस यांनीं तो नाकारला. स्वतःचे कपडे धुणें व स्वतःचें अन्न शिजविणें यांत त्यांस कमीपणा वाटत नव्हता.

त्या काळचा समुद्रप्रवास म्हणजे तरंगतें रुग्णालयच असे. गोडें पाणी सडे, ताजी भाजी मिळेना, हिरड्या सुजून दांत हलूं लागत, ताप पसरे. फ्रान्सिस यांनीं आपली निजण्याची जागा रोग्यांस दिली व आपण त्यांची शुश्रूषा करीत राहिले. वारा प्रतिकूल झाल्यामुळें जहाजांस मोझांबिक बेटावर कित्येक महिने थांबावें लागलें. तेथील रुग्णालय रोग्यांनीं भरून गेलें व अनेक प्रवासी तेथेंच मातीस मिळाले. रात्रंदिवस खपतां खपतां फ्रान्सिस स्वतःच तापानें आडवे झाले. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणें वैद्यानें त्यांचें रक्त काढलें. परंतु अंगांत ताप असतांही ते उठून इतरांची विचारपूस करीत, आणि एका बेशुद्ध खलाशी मुलास त्यांनीं आपल्या बिछान्यावर निजविलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात.

ज्यानें अंथरुणावर पडून छताकडे पाहत दिवस काढले आहेत, त्यास रोग्याचा काळ किती लांब असतो हें वेगळें सांगावें लागत नाहीं. सेवक म्हणतो, आतां येतों. रोगी त्या आतांचें एकेक क्षणानें माप घेतो. मोझांबिकच्या दुखण्यानंतर फ्रान्सिस जेथें जेथें गेले, तेथें रोग्यानें हांक मारल्यावर विलंब होऊं नये याची त्यांनीं काळजी घेतली, ती उगीच नव्हे.

६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास पोहोंचले. लिस्बन सोडल्यास तेरा महिने झाले होते. पोपचे प्रतिनिधि म्हणून त्यांस मोठ्या वाड्यांत राहतां आलें असतें. त्यांनीं प्रथम बिशप जुआंव द आल्बुकेर्क यांची भेट घेतली, आपलीं अधिकारपत्रें त्यांच्यापुढें ठेवून त्यांच्या अनुज्ञेवांचून तीं वापरणार नाहीं असें कळविलें, आणि राजाच्या रुग्णालयांत मुक्काम केला. या रुग्णालयांत बहुतेक पोर्तुगीज शिपाई व खलाशी असत. घरापासून हजारों कोस दूर, तापानें व हगवणीनें खंगलेले. सकाळीं मिस्सा झाल्यावर फ्रान्सिस त्यांच्या कबुल्या ऐकत, त्यांस कम्युनियन देत, त्यांची सेवा करीत. दुपारीं ते तुरुंगांतील कैद्यांकडे जात. रविवारीं ते शहराबाहेर राहणाऱ्या महारोग्यांकडे जाऊन मिस्सा करीत व त्यांच्यांत बसत. रात्रीं ते ज्याचें दुखणें सर्वांत कठीण त्याच्या खाटेपाशीं जमिनीवर निजत. तो कण्हला कीं हे उठत.

सेवकानें रोग्याशीं काय बोलावें, हा पुढचा प्रश्न. त्याआधीं सेवक कोठें आहे, हा प्रश्न येतो. दाराशीं उभें राहून मोठ्यानें विचारलेली चौकशी साऱ्या वॉर्डास ऐकूं जाते, आणि रोगी लाजेनें खोटें उत्तर देतो. खाटेपाशीं बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन हळू विचारलेली चौकशी त्याची एकट्याची राहते. जमिनीवर निजलेल्या फ्रान्सिसना खाटेवरच्या रोग्याकडे वर मान करून पाहावें लागे. ज्यास आयुष्यांत कोणीही वर पाहून बोललें नव्हतें, अशा गरीब शिपायास त्या गोष्टीचें काय मोल वाटलें असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

त्याच गोव्यांत त्या वेळीं गार्सिया द ओर्ता नांवाचे विद्वान् वैद्य राहत होते. १५३४ सालीं ते हिंदुस्थानांत आले होते. त्यांनीं येथील झाडपाल्याची व औषधींची माहिती देशी वैद्यांकडून व बाजारांतील लोकांकडून विचारून विचारून गोळा केली, औषधींचीं निरनिराळ्या देशी भाषांतील नांवें टिपलीं, आणि १५६३ सालीं गोव्यांतच तो ग्रंथ छापला. वैद्य औषधाचें देशी नांव विचारीत फिरतो व सेवक रोग्याची भाषा शिकत फिरतो, या दोन्ही गोष्टींचें मूळ एकच. दुसऱ्याजवळ कांहीं ज्ञान आहे व तें त्याच्याच शब्दांत ऐकावें लागतें, ही नम्रता दोन्हींत आहे.

भाषेची अडचण फ्रान्सिस यांस गोव्यापासूनच होती. पोर्तुगीज ही त्यांची जन्मभाषा नव्हे. पण चरित्रकार सांगतात कीं, गोव्यांतील गुलामांस व साध्या लोकांस उपदेश करतांना ते शुद्ध पोर्तुगीज न बोलतां, ते लोक जी मोडकी-तोडकी मिश्र बोली बोलत, तीच मुद्दाम बोलत. पॅरिसच्या विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकविलेल्या पंडितास आपलें बोलणें असें मोडून घेणें सोपें गेलें नसेल. विद्वत्तेचा मान राखावा कीं ऐकणाऱ्यास कळावें, या दोहोंपैकीं त्यांनीं दुसरी गोष्ट पत्करली.

१५४२ च्या शरदृतूंत ते दक्षिणेकडे मोत्यांच्या किनाऱ्यावर, तुतिकोरिनच्या बाजूस, परवर नांवाच्या कोळी लोकांत गेले. हे लोक कांहीं वर्षांपूर्वीं ख्रिस्ती झाले होते, पण त्यांस शिकविणारा कोणी नव्हता. त्यांची भाषा तामिळ, फ्रान्सिस यांची बास्क. मध्यें पूल नाहीं. प्रवासांत एका गांवीं एक स्त्री तीन दिवस प्रसूतिवेदनांनीं तळमळत होती व तिची आशा सुटली होती. फ्रान्सिस एका सोबत्यास घेऊन त्या घरीं गेले. त्यांनीं केलेली एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. घरांतील वडील माणसांशींच बोलून ते परतले नाहींत. सोबत्यास दुभाष्या करून ते त्या बाईशींच बोलले, विश्वासांगीकाराचा अर्थ तिला सांगितला, आणि तिची इच्छा आहे काय हें तिलाच विचारलें. तिनें होकार दिल्यावरच त्यांनीं तिला बाप्तिस्मा दिला. पुढें ती सुखरूप बाळंत झाली व सारें घर देवाचे उपकार मानूं लागलें.

आजही आपल्या रुग्णालयांत असें पुष्कळदां घडतें कीं, बाई खाटेवर असते व प्रश्न विचारले जातात ते तिच्या नवऱ्यास किंवा सासूस. दुखतें कोठें, कधींपासून, हें तिला ठाऊक असतें. पण तिला कोणी विचारीत नाहीं. वृद्धांचेंही तसेंच होतें. म्हाताऱ्या बापाचें दुखणें मुलगा सांगतो आणि बाप गप्प राहतो. ज्याचें दुखणें त्याच्याशीं आधीं बोलावें, हा नियम चारशें ऐंशी वर्षांपूर्वींच्या त्या झोपडींत आपणांस दिसतो.

त्या किनाऱ्यावर फ्रान्सिस यांनीं दोन्ही भाषा थोड्याफार जाणणाऱ्या कांहीं माणसांस जमविलें, व त्यांच्या साह्यानें क्रुसाची खूण, विश्वासांगीकार, दहा आज्ञा, आमच्या बापा व नमो मरिये यांचें तामिळ भाषांतर मोठ्या कष्टानें करून घेऊन तें तोंडपाठ केलें. मग हातांत घंटा घेऊन ते गांवांत फिरत व मुलांस जमवीत. ते एक वाक्य म्हणत, ऐकणारे तें मागून म्हणत. प्रत्येक कलमानंतर तें मान्य आहे काय असें विचारून ते उत्तर घेत, आणि मगच पुढें जात. पुढें रोग्यांकडून इतकीं बोलावणीं येऊं लागलीं कीं एकट्यानें सर्वत्र जाणें अशक्य झालें. तेव्हां त्यांनीं ज्या मुलांस प्रार्थना पाठ होत्या त्यांस रोग्यांच्या घरीं पाठविण्यास आरंभ केला. मुलें जात, घरच्यांस व शेजाऱ्यांस रोग्याभोंवतीं जमवीत, सर्वांकडून प्रार्थना म्हणवून घेत व रोग्यास धीर देत. रोग्यास त्याच्याच भाषेंत बोलणारें, त्याच्याच गांवचें मूल भेटे; आणि त्याच्या खाटेभोंवतीं पुन्हां त्याचीं माणसें उभीं राहत. दुखणें माणसास एकटें पाडतें. त्याचा हा एकटेपणा त्या मुलांनीं मोडला.

संत फ्रान्सिस यांस सर्व भाषा बोलण्याचें दैवी वरदान होतें, अशी भाविकांत जुनी समजूत आहे. पण त्यांचीं स्वतःचीं पत्रें पाहतां, त्यांस प्रत्येक भाषेसाठीं घाम गाळावा लागला, दुभाष्यांची मनधरणी करावी लागली, आणि पुष्कळ वेळां अपुऱ्या शब्दांवर काम भागवावें लागलें, असें स्पष्ट दिसतें. तामिळ भाषांतरांत चुकाही राहिल्या होत्या. पुढें फादर हेन्रिक हेन्रिकेस यांनीं त्या भाषेचा खोल अभ्यास करून त्या दुरुस्त केल्या. जपानांत तर दुभाष्याच्या चुकीमुळें परमेश्वरासाठीं एका बौद्ध देवतेचें नांव कांहीं काळ वापरलें गेलें. चूक ध्यानांत येतांच फ्रान्सिस यांनीं तें नांव ताबडतोब सोडलें. या गोष्टी संताचें मोठेपण कमी करीत नाहींत, उलट वाढवितात. वरदान मिळालेल्या माणसाचें आपण नुसतें कौतुक करतों. घाम गाळणाऱ्याचें अनुकरण करूं शकतों. याच वाटेनें पुढें फादर थॉमस स्टीफन्स गेले, आणि १६१६ सालीं त्यांचें ख्रिस्तपुराण आपल्या मराठी भाषेंत छापलें गेलें.

रोग्यांच्या सेवेंत फ्रान्सिस यांनीं मोठा व लहान असा भेद केला नाहीं. १५४६ सालीं ते मलाक्कावरून पुढें आंबोईना बेटावर गेले, तेव्हां तेथें व्हियालोबोस यांचें स्पॅनिश आरमार रोगानें जर्जर होऊन आलें. ते पोर्तुगीजांचे प्रतिस्पर्धी होते. तरी फ्रान्सिस त्यांच्या रोग्यांत राबले, आणि खुद्द व्हियालोबोस यांच्या मरणसमयीं जवळ राहिले. १५४८ च्या जूनमध्यें गोव्याचे व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रो मरणोन्मुख झाले, तेव्हां त्यांच्या उशाशींही फ्रान्सिसच होते. जो सेवक रुग्णालयांतील अनाथ खलाशाच्या खाटेपाशीं निजत असे, तोच हिंदुस्थानांतील पोर्तुगीजांच्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्यापाशीं बसला होता. मरण समोर आलें म्हणजे दोघांसही एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे खरें बोलणारें व जवळ राहणारें माणूस.

१५४९ सालीं गास्पार बार्झेउस या धर्मगुरूस होर्मुझ येथें पाठवितांना फ्रान्सिस यांनीं त्यांस विस्तृत सूचना लिहून दिल्या. त्यांत रुग्णालयांतील गरिबांची भेट घेण्यास सांगितलें आहे, गांवांतील माणसांशीं बोलून त्यांचे व्यवहार समजून घेण्यास सांगितलें आहे, आणि कबुली ऐकतांना माणसाचें मन पूर्ण मोकळें होण्याआधीं कठोर होऊं नये असा इशारा दिलेला आहे. ज्या गोष्टीची लाज वाटते ती माणूस सर्वांत शेवटीं सांगतो. मध्येंच त्यास रागें भरलें तर ती आंतच राहते. हें पापाविषयीं जसें खरें, तसेंच दुखण्याविषयीं खरें. दारूचें व्यसन, गुप्त रोग, चुकविलेल्या गोळ्या, बुवाकडून आणलेलें औषध, या गोष्टी रोगी पहिल्या प्रश्नास सांगत नाहीं. ज्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य वा तिरस्कार उमटत नाहीं, अशा माणसासच तो त्या सांगतो. आणि पुष्कळदां त्याच गोष्टीवर वैद्याचें सारें निदान अवलंबून असतें.

आतां शेवटची हकीगत. १५५२ सालीं चीनमध्यें शिरण्याच्या इच्छेनें फ्रान्सिस कॅन्टनजवळील सांचियान बेटावर उतरले. चीन परदेशीयांस बंद होता. एक व्यापारी त्यांस चोरून नेणार होता. तो आलाच नाहीं. पोर्तुगीजांचीं जहाजें एकेक करून निघून गेलीं. नोव्हेंबरांत थंडी वाढली व फ्रान्सिस तापानें पडले. ज्यांनीं शेंकडों रोग्यांच्या उशाशीं रात्री काढल्या, ते आतां स्वतः वाऱ्यानें हलणाऱ्या एका गवताच्या झोपडींत पडून होते. जवळ होता तो गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयांत वाढलेला अंतोनियो नांवाचा चिनी तरुण. दुभाष्या म्हणून त्यास बरोबर आणलें होतें. पण इतकीं वर्षें गोव्यांत राहिल्यामुळें तो आपली चिनी भाषाच बहुतेक विसरला होता.

ताप चढला व वात झाला, तेव्हां फ्रान्सिस मोठमोठ्यानें बोलूं लागले. येशूचें नांव व कांहीं प्रार्थना अंतोनियोस समजल्या. परंतु बरेंचसें बोलणें त्यास मुळींच न कळणाऱ्या एका भाषेंत होतें. ती बहुधा त्यांची बास्क भाषा असावी, असें चरित्रकार मानतात. ज्या पुरुषानें आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाषा शिकण्यासाठीं कष्ट घेतले, त्याच्या ओठीं शेवटीं आईची भाषा आली. आणि ती समजणारा कोणी हजारों कोसांत नव्हता. अंतोनियोनें काय केलें? तो निघून गेला नाहीं. तो जागत बसला. ३ डिसेंबर १५५२ रोजीं पहांटेपूर्वीं अंत जवळ आल्याचें पाहून त्यानें संतांच्या हातीं पेटती मेणबत्ती दिली व त्यांचा हात धरून ठेवला. येशूचें नांव घेत संत फ्रान्सिस यांनीं देह ठेवला. वय अवघें शेहेचाळीस वर्षांचें. संतांच्या अखेरच्या दिवसांची जी हकीगत जगास कळली, ती या अंतोनियोमुळें. शब्द एकही न समजतां त्यानें त्या रात्रीं आपल्या धन्याची जी सेवा केली, ती त्यानें त्यांच्यापासूनच पाहून घेतली होती.

पुढें त्यांचा देह मलाक्कास व तेथून १५५४ च्या मार्चमध्यें गोव्यास आणला गेला. १२ मार्च १६२२ रोजीं पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं त्यांस संतपद दिलें. १९२७ सालीं लिझ्यूच्या संत तेरेजा यांच्यासह त्यांस मिशनकार्याचे आश्रयदाते म्हणून घोषित करण्यांत आलें.

प्रिय बंधुभगिनींनो, कन्हान नदीच्या कांठचें आपलें मौदा नागपूर-भंडारा रस्त्यावर आहे. दुखणें वाढलें कीं आपल्या भागांतील माणूस नागपुरास मेडिकलांत वा मेयोंत जातो. तेथें वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी, छत्तिसगढी, गोंडी बोलणारीं माणसें एकाच रांगेंत उभीं असतात. डॉक्टरांपाशीं वेळ थोडा असतो. त्यांनीं सांगितलेलें अर्धें कळतें, अर्धें कळत नाहीं. पुन्हां विचारण्याची भीति वाटते. मग तो शेतकरी, ती मजूर बाई मान डोलावते. मान डोलावणें म्हणजे समजणें नव्हे. बाहेर आल्यावर कागद हातांत धरून तीं ज्यास हळूच विचारतात, तो म्हणजे वॉर्डबॉय, ती म्हणजे सिस्टर. त्या क्षणीं तुमच्या तोंडून निघालेल्या दोन वाक्यांवर एखाद्याचा जीव अवलंबून असूं शकतो. गोळी जेवणाआधीं कीं नंतर, अर्धी कीं पूर्ण, हें त्यास सांगा. आणि फ्रान्सिस ज्याप्रमाणें प्रत्येक कलमानंतर ऐकणाऱ्यांचें उत्तर घेत, त्याप्रमाणें तें त्याच्याकडून एकदां म्हणवून घ्या. चुकलें तर न रागावतां पुन्हां सांगा.

आणखीही कांहीं गोष्टी या चरित्रांतून घ्यावयाच्या आहेत. रोग्यास खाटेच्या क्रमांकानें नव्हे, नांवानें हांक मारावी. वडील माणसास काका, आजी, मावशी म्हणावें. सुई टोचण्यापूर्वीं, अंगास हात लावण्यापूर्वीं सांगावें. रोग्यानें विश्वासानें सांगितलेलें वैद्यास कळवावें, पण चहाच्या टपरीवर नेऊं नये. जें आपणांस ठाऊक नाहीं, त्याविषयीं खोटी आशा देऊं नये व अधिकारावांचून निकालही सांगूं नये. डॉक्टरांस बोलावून आणतों असें म्हणावें व खरोखर बोलावून आणावें. भाषा अडली तर ती जाणणारें मोठें माणूस शोधावें; प्रार्थनेस लहान मूल चालतें, पण आईच्या कठीण दुखण्याची वार्ता लहान मुलाच्या तोंडून आईस सांगवणें हा त्या मुलावर अन्याय होय.

एका गोष्टीचा येथें स्पष्ट उल्लेख करणें अवश्य आहे. संत फ्रान्सिस हे धर्मगुरु होते व आपल्या काळाच्या रीतीनें रोग्यांस धर्माचा उपदेशही करीत. रुग्णालयांत पगारावर असलेल्या सेवकाचें स्थान निराळें. खाटेवर पडलेला मनुष्य दुबळा असतो. त्याच्या दुबळेपणाचा कोणत्याही हेतूनें फायदा घेणें योग्य नव्हे. धर्माच्या बाबतींत कोणावरही बळजबरी होऊं नये, हें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें आहे. हिंदु, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती, जो रोगी पुढें येईल त्याची सारखी सेवा करणें, आणि त्यास ज्याची प्रार्थना हवी असेल त्या माणसास बोलावून देणें, हीच आपल्या श्रद्धेची साक्ष.

आणि सर्व उपाय संपून बोलण्यासारखें कांहींच उरत नाहीं, तेव्हां सांचियानच्या झोपडींतील अंतोनियोची आठवण करावी. रोगी काय बोलतो हें न कळलें तरी चालेल. त्याचा हात सोडूं नये. अशी सेवा करणाऱ्या आपल्या सर्व मुलींवर व मुलांवर, तसेंच या धर्मग्रामांतील प्रत्येक रुग्णावर, प्रभु येशूचा आशीर्वाद असो. संत फ्रान्सिस झेवियर आम्हांसाठीं विनंति करोत.